काडीचा हात

बुटकीच्या वाट्याला पहिल्यापासून भिंतीचा खालचा भाग आला. वरचा भाग उंच पोरांचा, मधला मास्तरचा, आणि जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचा पट्टा, जिथं जाणारा-येणारा प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक कुत्रा हजेरी लावून गेलेला असतो, तो हिचा. टोळीत सगळ्यांत लहान, त्यात मुलगी, मग दुसरं काय मिळणार! नाकाला रुमाल बांधून, त्या ओल्या मातीत गुडघे टेकून ती मोठ्या अक्षरांची पोटं रंगानं भरत बसायची. लोक म्हणतात, स्प्रेच्या वासानं झिंग चढते. चढत असेल बापडी. बुटकीला आधी मळमळायचं, मग सवय झाली, आणि असल्या गोष्टीची सवय झाली याचीच तिला पुढे किळस आली.

टोळी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. मास्तर हा कुणाचाही मास्तर नव्हता. शाळेनं त्याला आणि त्यानं शाळेला केव्हाच रामराम ठोकला होता. पण बोलायला लागला की समोरचा गार. बोका जाडा, घारा आणि आळशी, म्हणून त्याच्याकडे कोपऱ्यावर उभं राहून राखण करायचं काम. आणि काडी हा बुटकीचा सख्खा थोरला भाऊ. अंगानं काडीसारखा म्हणून काडी, आणि तेच नाव तो भिंतीवर लिहायचा. बुटकी त्याच्या मागं मागं तिथं पोचली तेव्हा तिला नीट वेणीही घालता येत नव्हती.

बर्फाचा एक जुना कारखाना बंद पडला होता, त्याची मागची भिंत यांची. भर दुपारी, पुढच्या दारचा रखवालदार जेवून घोरायला लागला की ही वरात निघायची. पिशवीत डबे खुळखुळायचे. त्या डब्यांच्या टोप्या, म्हणजे ज्यातून फवारा निघतो ती बोंडं, या लोकांनी रंगाच्या दुकानातून ढापलेल्या असायच्या. बारीक रेघेची टोपी वेगळी, जाड फवाऱ्याची वेगळी. त्या टोप्यांवरून जी भांडणं व्हायची ती ऐकली असती तर कावळेही लाजले असते. कुणी कुणाचं अक्षर उचललं, कुणी कुणाच्या नावावर रंग मारला, कोण घाबरून पळाला, यातच निम्मी दुपार जायची. नाक शिंकरलं तर निळं, थुंकलं तर काळं. नखांत जो रंग बसायचा तो जेवताना तोंडात जायचा. ही पोरं सगळ्या शहराला स्वतःचं नाव पाठ करून घ्यायला लावणार होती, आणि स्वतःचे दात घासायचा त्यांना कंटाळा.

तरी मास्तरचे नियम होते, आणि ते मात्र सगळे पाळायचे. राहत्या घराच्या भिंतीला हात लावायचा नाही. आपल्याहून चांगल्या कामावर रंग मारायचा नाही. दुसऱ्याचा हात चोरायचा नाही. हात म्हणजे अक्षराचं वळण. "रंग चोरा, टोप्या चोरा," मास्तर म्हणायचा, "पण दुसऱ्याचा हात चोरेल तो शेण खाईल." आणि आपल्यातला कुणी गेला तर त्याच्या स्वतःच्या भिंतीला कुणी शिवायचं नाही. त्याचं नाव इतरांनी बाकी शहरभर लिहायचं, पण नावाच्या वर एक कडं काढायचं. कडं म्हणजे नुसतं गोल वर्तुळ. ते पाहिलं की कुठल्याही टोळीतल्या पोराला कळायचं की हा माणूस आता नाही, हे त्याच्या दोस्तांनी लिहिलंय.

काडी काही मोठा कलावंत नव्हता. त्याची अक्षरं सगळी एका बाजूला कललेली, स्टॉपवर उभी राहून गाडी येतेय का बघणाऱ्या माणसांसारखी. नाव लिहून झालं की तो खाली एक लांब रेघ ओढायचा, आणि रेघ संपायच्या आतच मान वळवून बहिणीला विचारायचा, "बरं झालंय का गं?" मान वळायची, पण बोट टोपीवर तसंच. मग रेघेच्या टोकाला रंग साचायचा आणि त्याचा एक ओघळ खाली सुटायचा. मास्तर डोक्यावर हात मारून घ्यायचा. "अरे काड्या, बोट उचल! किती वेळा सांगायचं?" ओघळ दिसला की मास्तरला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. काम सफाईदार पाहिजे, हा त्याचा जपच होता. दुसऱ्यांचेही ओघळ तो मागच्या भिंतीचा रंग बारीक टोपीनं मारून झाकून टाकायचा. फक्त काडी त्याला झाकू द्यायचा नाही. "राहू दे की," म्हणायचा. "माझाच आहे."

आणि बुटकी कायम एकच उत्तर द्यायची, "झालंय बरं." बरं झालेलं नसलं तरी.

घरी आई होती. ती इस्पितळाच्या धुलाईत कामाला. पहाटे जायची, चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, न सांगण्यासारखे डाग उकळत्या पाण्यातून काढायची आणि हात लालबुंद करून परत यायची. आल्यावर मोरीत बघावं तर हिरवा रंग, टॉवेलवर जांभळा, आणि पोरांच्या कानामागे चंदेरी. "दिवसभर मी लोकांची घाण काढते," ती म्हणायची, "आणि माझीच पोरं ती लावत फिरतात! काय पाप केलं होतं गं मी?" एकदा काडीनं हौसेनं म्हटलं, चल आई, भिंत दाखवतो. तर तिनं कानांवर हात ठेवले. तिनं त्याचं एकही काम पाहिलं नाही. रस्त्यात रंगवलेली भिंत दिसली की ती पलीकडच्या बाजूनं जायची.

काडी पडला तो पुलाजवळच्या जाहिरातीच्या सांगाड्यावरून. दुपारीच. लोखंड आतून सडलेलं होतं आणि वरून रंग दिलेला. बुटकी त्या दिवशी तापानं घरी होती. मास्तर आणि बोका खाली होते, ते पळाले, आणि बऱ्याच वेळानं परत आले. हे बोक्यानंच पुढे कधीतरी रडत रडत सांगितलं. आईनं इस्पितळातून आलेले त्याचे कपडे सवयीनं भिजत घातले, घासले, पिळले, वाळत टाकले. शर्टवरचा सगळा रंग निघाला. मग ती त्या दोरीखाली बसली ती संध्याकाळ होईपर्यंत उठली नाही.

पुढचे कित्येक महिने शहरभर काडीचं नाव उगवत राहिलं, वर कडं असलेलं. बुटकीला त्याचा आधार वाटायचा. खोटं कशाला बोला, त्या काळात तिला मास्तर देवासारखा वाटला.

मग देव मोठा झाला. मोठा म्हणजे, लोक त्याला बोलावू लागले. कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर त्यानं पोपट काढले. बिल्डरच्या पत्र्यांवर हसणारी मुलं काढली. त्याचं बोलणं बदललं, चष्मा आला, मफलर आला, भर उन्हाळ्यात मफलर! तो मुलाखतीत "रस्त्याची वेदना" असं काहीतरी म्हणायला लागला, आणि ते ऐकून बुटकीला दात शिवशिवल्यासारखं व्हायचं. बोका सामान पोचवायच्या नोकरीला लागला आणि टोळीचं नाव काढलं की विषय बदलायचा. बुटकी दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे कामाला लागली. मशीन चिकट कागदातून अक्षरं कापतं, आणि ही चिमट्यानं त्यांच्या पोटातला नको असलेला कागद उपसून काढते. आयुष्यभर अक्षरांची पोटंच तिच्या नशिबी.

आणि एके दिवशी मास्तर घरी आला. फळांची पिशवी घेऊन, आईच्या पाया पडला. ज्या पोराला आईनं एकेकाळी "मेल्या, माझ्या दारात उभा राहू नकोस" म्हणून हाकललं होतं, त्याला ती "तुम्ही बसा ना" म्हणाली. मास्तरनं सांगितलं, काडीच्या कामाचं प्रदर्शन भरतंय. पाडलेल्या गोदामांतून, बंद दुकानांतून त्याची दारं, शटरं, पत्रे त्यानं मिळवलेत, वाचवलेत. "तुम्ही यायलाच हवं," तो म्हणाला. "तुम्ही त्याला कधी पाहिलंच नाहीत."

हे वाक्य आईच्या वर्मी लागलं. ती गेली.

प्रदर्शन एका जुन्या गोदामात होतं, आतून दुधासारखा पांढरा रंग दिलेलं. माणसं पाय न वाजवता चालत होती आणि कानात सांगावं तसं बोलत होती. प्रदर्शन भरवणारी बाई, तिला सगळे मॅडम म्हणत, आईला हाताला धरून एका दारापुढे घेऊन गेली. दार जुनं, तपकिरी, कडीसकट. त्यावर निळ्या रंगात काडीचं नाव, खाली लांब रेघ. आई बघत राहिली. मग तिनं पिशवीतून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. मॅडम आदरानं चार पावलं मागं सरकली.

बुटकी पुढे झाली. रेघेवरून तिची नजर टोकापर्यंत गेली, आणि तिथं काहीच नव्हतं. रेघ कापल्यासारखी संपली होती. आणखी जवळून पाहिलं तर टोकाखाली तपकिरी रंगाचा नवा, केसाएवढा फवारा होता. कुणीतरी ओघळ झाकला होता. तिनं नाक लावलं. जुन्या रंगाला वास नसतो. याला होता.

खोलीत बावीस-पंचवीस वस्तू असतील. ती एकेकीपाशी जाऊन वाकून बघत सुटली, आणि प्रत्येक रेघ सफाईदार, प्रत्येक टोक झाकलेलं. काडीची अक्षरं कलली होती तशीच कलली होती, हुबेहूब. पण मागं वळून कुणालाच काही विचारलं गेलं नव्हतं.

मास्तर मागच्या खोलीत होता. तिथं आणखी दारं भिंतीला टेकवून ठेवलेली, काही कोरी, काहींवर नुसतंच अर्धं नाव. त्यानं ती झाकायचीही तसदी घेतली नव्हती.

"मास्तर," बुटकी म्हणाली, "ओघळ कुठं गेला?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्यानं चक्क कपाळाला हात लावला. "च्यायला! राहवलं नाही गं. ओघळ सोडला होता मी प्रत्येक ठिकाणी. पण हात गेलाच. सवय."

त्याला लाज वाटली होती, पण कशाची, तर चूक राहिल्याची! बुटकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दुसऱ्याचा हात चोरणारा काय खातो म्हणायचास?"

"तेव्हा पोरगा होतो मी."

"आणि गेलेल्याच्या नावावर कडं काढायचं, हे कुणी शिकवलं आम्हाला?"

"कडं काढलं की ती श्रद्धांजली होते, बुटके. श्रद्धांजली कुणी घरी नेऊन दिवाणखान्यात लावत नाही." तो खुर्चीवर बसला आणि समजुतीच्या सुरात बोलू लागला, ही त्याची जुनी खोड. "त्याच्या भिंती राहिल्यात कुठं सांग? निम्म्या पाडल्या, निम्म्यांवर चुना मारला. नाव पुसलं गेलं होतं पोराचं. आज ती माणसं बघ बाहेर. काडी काडी करतायत. मी जिवंत ठेवला त्याला."

"तू विकलास त्याला."

"बरं, विकला. तुझी आई आज पहिल्यांदा त्याच्यासाठी रडली की नाही?"

बुटकी जायला वळली. मास्तरनं तेवढ्यात खुर्ची पुढे ओढली.

"एक सांगू? तुझा हात त्याच्या हाताच्या सगळ्यांत जवळचा. अक्षरं मी काढतो. शेवटची रेघ तू ओढ. तुझ्याकडून ओघळ बरोबर पडेल, माझ्याकडून नाही पडत."

"तुझ्या तोंडावर थुंकले असते," ती म्हणाली, "पण माझ्या थुंकीची मला दया येते."

"थुंक. पण शनिवारी आईला घेऊन ये. लोकांसमोर दोन शब्द बोलणार आहे ती. मी विचारलं, हो म्हणाली. आईनं एकदा म्हटलं की हे माझ्या लेकाचं काम, की मग कुणाची शंका घ्यायची बिशाद नाही."

म्हणजे हा सगळा फळांच्या पिशवीचा आणि पाया पडण्याचा खटाटोप यासाठी होता. बाहेर येऊन बुटकीनं आईचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच घरी आणलं.

तिला वाटलं होतं, घरी गेल्या गेल्या सांगून टाकू. पण घरी आई बोलत सुटली. इतकी वर्षं या घरात काडीचं नाव निघालं की भांडी आदळायची. आणि आता ही बाई चहा गाळता गाळता त्याच्या लहानपणचं सांगत होती. कसा तो बादलीत बसून गाणी म्हणायचा. कसा शेजाऱ्यांच्या मांजराला काजळ लावून आला. स्वतःच हसत होती. शनिवारी घालायचे कपडे तिनं तेव्हाच इस्त्री करून खुंटीला लावले. बुटकीनं चहाचे कप विसळून ठेवले. मास्तरची किळस होतीच, पण आईला आपण असं अंधारात ठेवतोय याची किळस त्याहून जास्त.

शेवटी तिनं ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. खरं समोर ठेवलं की खोटं आपसूक उघडं पडेल. बर्फाच्या कारखान्याची भिंत अजून उभी होती. मालकांची आपसांत जुंपलेली, म्हणून कुणी तिला हात लावला नव्हता, आणि टोळ्यांनी नियमानं लावला नव्हता. शुक्रवारी आईची कामाची पाळी संपताच ती तिला घेऊन तिकडे गेली. "कुठं नेतेस?" आई विचारत राहिली. "चल तर," बुटकी म्हणाली.

गल्ली पहिल्यापेक्षा घाण झाली होती. कुणीतरी गाद्या आणून टाकल्या होत्या, त्या पावसानं फुगून फुटल्या होत्या. माशा इतक्या की तोंड उघडायची चोरी. आईनं नाकाला रुमाल लावला. दिवसभर इस्पितळाची धुणी धुणारी बाई ती, तिलाही सोसवेना. बुटकीनं भिंतीला टेकलेला एक पत्रा बाजूला केला, आणि तिथं काडी होता. रंग उडालेला, पोपडे आलेला, पण तोच. कललेली अक्षरं, खाली रेघ, रेघेच्या टोकाला ओघळ, जमिनीपर्यंत आलेला. खालचा पट्टा नुकताच कुणीतरी ओला करून गेलं होतं.

आई वाकून ओघळापर्यंत बघत गेली.

"हा त्याचाच," मग म्हणाली.

"हो, आई."

"आणि ते दार त्याचं नाही."

बुटकी बघतच राहिली. "तुला कळलं होतं?"

"आई आहे गं मी. त्यानं जन्मात कधी चादरीची घडी सरळ घातली? जेवून उठला की ताटाभोवती निम्मं सांडलेलं. आणि ते दार बघ, कसं आखल्यासारखं! उभी राहिल्या राहिल्या कळलं, हा आपला नव्हे."

"मग रडलीस कशाला?"

"म्हणूनच रडले." आईनं रुमाल नाकावरून काढला नाही, त्यामुळे तिचा आवाज दबून येत होता. "नीट झालेला दिसला तो मला. मोठा झालेला. जगला असता तर झाला असता ना गं नीट? सगळ्यांची पोरं होतात. इतकी वर्षं डोळ्यांपुढे तो एकच येतो, रस्त्यावर पडलेला, तोंडाला रंग आणि... त्या दिवशी पहिल्यांदा तो स्वच्छ दिसला. धुतलेला."

"आई, ते खोटं आहे. मास्तरनं बसून रंगवलंय ते. विकतोय तो दादाला."

"मास्तरचं सोड. त्याचं तो भोगेल." आईनं त्या ओल्या पट्ट्याकडे पाहिलं. "तिथं माणसं त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात, पोरी. चांगल्या घरची माणसं. आणि इथं कुत्री मुततात त्याच्यावर. हे दाखवायला आणलंस मला?"

बुटकीनं आईचा राग करायचा प्रयत्न केला. मनापासून केला. मास्तरला देता येतील त्या सगळ्या शिव्या तिनं मनातल्या मनात आईपुढे ठेवून पाहिल्या, एकही लागू होईना. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. याच भिंतीसाठी ती भांडायला उठली होती. आणि तिला तिथं फुगलेल्या गाद्या दिसल्या, माशा दिसल्या, मुताचे पिवळे ओहोळ दिसले, आणि त्यांच्यावर कसंतरी लिहिलेलं एका पोराचं वेडंवाकडं नाव. दादाच्या अक्षरांची तिला किळस आली. क्षणभरच, पण आली. आपल्याच आईनं आपल्या हातून आपल्याच भावाला परकं केलं, आणि तेही मायेनं, हे तिला कुणाला सांगताही आलं नसतं.

"उद्या येशील ना माझ्याबरोबर?" आई म्हणाली. "मला एकटीला बोलता यायचं नाही त्या माणसांत."

"येईन."

शनिवारी गोदाम भरलं होतं. मागच्या बाजूला नवी शटरं लागली होती, आणि त्या प्रत्येकावर रेघेच्या टोकाला ओघळ होता. बेताचा, तोलून सोडलेला. मास्तरनं दात ओठ खाऊन, हात आवरून धरून सोडला असणार. चूक दाखवून दिली होती कुणी? बुटकीनं. एका खऱ्या गोष्टीसाठी तिनं तोंड उघडलं, त्याचं हे फळ. बाजूला उभा एक गृहस्थ बायकोला सांगत होता, "हा ओघळ पाहिलास? केवढी बेफिकिरी आहे त्यात!" बुटकीच्या तोंडात कडू पाणी आलं. तिनं ते गिळलं.

आई इस्त्रीचे कपडे घालून त्या तपकिरी दारापाशी उभी राहिली. "माझा मुलगा," ती म्हणाली, "लहानपणापासून फार नीटनेटका होता. त्याचं सगळं जिथल्या तिथं असायचं. कधी कपड्यांना डाग नाही." माणसं माना हलवत होती. कुणीतरी डोळे पुसले. "हे त्याचं काम आहे. आईला लेकाचा हात कळतो." टाळ्या झाल्या. मास्तरनं गर्दीतून बुटकीकडे पाहिलं. तो जिंकल्यासारखा हसला असता तर बरं झालं असतं. तो कृतज्ञ दिसत होता, डोळ्यांत पाणी आणून, आणि ते खरं पाणी होतं. त्याच्याइतकं ओंगळ तिनं आजवर काही पाहिलं नव्हतं.

"आणि या त्याच्या धाकट्या भगिनी," मॅडम म्हणाली. "या त्याच्याबरोबर असायच्या. त्याला काम करताना पाहिलेल्या या. तुम्ही सांगा ना काहीतरी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बुटकीला वाटलं, आता नुसतं एक वाक्य. एका वाक्यात हे सगळं पांढरं गोदाम कोसळेल, मास्तर, मॅडम, मफलर, सगळं. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, कित्येक दिवस तयार होतं. पलीकडे आई उभी होती, एक हात दाराच्या कडीवर ठेवून, घराच्या दारात उभी असावी तशी.

"दादाचाच हात आहे हा," बुटकी म्हणाली. "मी रोज बघायची ना."

तिला वाटलं होतं शब्द घशात अडकतील. अडकले नाहीत; साबण लावल्यासारखे घसरून बाहेर पडले. पुन्हा टाळ्या झाल्या. आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या बाईच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच ती आपल्या दोन्ही लेकरांवर एकाच वेळी खूश दिसली.